मोफत आहे, पण मराठीत आहे का?

पुण्याजवळच्या चाकण, महाळुंगे, निघोजे या औद्योगिक पट्ट्यात पाळी सुटण्याच्या सुमारास रस्ते कंपन्यांच्या बसगाड्यांनी भरून जातात. त्या गाड्यांतून उतरणाऱ्या अनेकांच्या खिशात घरातला एकुलता एक स्मार्टफोन असतो. बऱ्याच कारखान्यांत मशीनवर फोन नेता येत नाही, म्हणून पाळीचे आठ तास तो लॉकरमध्ये बंद असतो. गेल्या दहा वर्षांत केंद्र सरकारने, राज्याने, आयआयटीने आणि स्वयंसेवी संस्थांनी ज्या मुलांसाठी ॲप, ई-पुस्तकं आणि व्हिडिओ तयार केले, त्यांतलं एखादं मूल तेवढा वेळ खोलीवर आजीजवळ बसून असतं. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी इंटरनेटवर काय उपलब्ध आहे, याचा हिशोब मांडताना हा लॉकर विसरून चालत नाही.

आधी ही मुलं कोण, ते पाहू. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ केले. स्वमग्नता आणि वाचन-लेखनातली विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना त्यात पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली. याच कायद्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शेजारच्या शाळेत जायचं की विशेष शाळेत, ही निवडही त्याचीच. प्रत्यक्षात काय होतं ते २०१९मध्ये युनेस्कोसाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने तयार केलेल्या अहवालात आहे. २०११च्या जनगणनेच्या आधारे तो सांगतो, की देशात ५ ते १९ वयोगटात सुमारे ७८ लाख दिव्यांग मुलं आहेत आणि त्यांतल्या पाच वर्षांच्या मुलांपैकी तीन चतुर्थांश कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नाहीत.

या पट्ट्याला लागून असलेल्या पिंपरी-चिंचवडमध्ये संस्था नाहीत असं नाही. निगडीत ‘कामायनी’ या संस्थेची विशेष शाळा आहे. भोसरी आणि चाकण यांच्या मधल्या आळंदीत अंध मुलींसाठी ‘जागृती’ ही निवासी शाळा आहे. महापालिकेने पिंपरीत मोरवाडीला दिव्यांग भवन उभं केलं आणि जानेवारी २०२५मध्ये चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये ‘पर्पल जल्लोष’ हा तीन दिवसांचा दिव्यांग महोत्सव भरवला. पण २०११लाच लोकसंख्या सतरा लाखांवर गेलेल्या आणि त्यानंतर कितीतरी वाढलेल्या या शहराला मोजक्या विशेष शाळा पुरणार कशा? बहुतेक मुलं महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या नाहीतर गल्लीतल्या खासगी शाळेतच असतात. तिथल्या बाईंच्या वर्गात पन्नासेक मुलं असतात आणि बी.एड.ला या विषयाची तोंडओळखच झालेली असते. ऑनलाइन साधनांची खरी गरज इथे आहे.

पहिली पायरी ओळखण्याची. एनसीईआरटीने २०२२मध्ये ‘प्रशस्त’ नावाचं ॲप आणलं. वर्गशिक्षक मुलाचं निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरं भरतो, मग विशेष शिक्षक पुढची तपासणी करतो. मूल फळ्यावरचं डोळे बारीक करून वाचतं का, हाक मारल्यावर वळतं का, एका जागी बसतं का, अशा रोजच्या गोष्टींतून २१ प्रकारांपैकी कशाची शंका घ्यावी ते त्यातून कळतं. ही चाळणी आहे, निदान नव्हे. पालकसभेत ‘ॲपमध्ये तुमचा मुलगा मतिमंद आलाय’ असं सांगणाऱ्या शाळेने ॲप मुळीच वापरू नये.

अध्ययन अक्षमतेबाबत मराठीचं नशीब त्यातल्या त्यात बरं. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच तयार केला, तो हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. हे महत्त्वाचं अशासाठी, की इंग्रजीत अडखळणारं मूल मराठीत त्याच ठिकाणी अडखळेल असं नसतं. देवनागरीत अक्षराभोवती चारही बाजूंनी मात्रा येतात. ‘कि’मधली वेलांटी लिहिली जाते आधी आणि उच्चारली जाते नंतर. भ-म, घ-ध, ब-व यांत गोंधळ होतो, जोडाक्षर आलं की मूल सरळ पुढे उडी मारतं. इंग्रजी फोनिक्सच्या महागड्या ॲपवर सहा महिने घालवूनही हे सुटत नाही, कारण त्या ॲपला वेलांटी माहीतच नसते. हिंजवडी-वाकडच्या इंग्रजी माध्यमाच्या घरांत अशी ॲप सर्रास विकत घेतली जातात. मग मूल शाळेतल्या मराठीत नापास झालं की आळशी ठरतं.

ओळख पटली की प्रमाणपत्राचा फेरा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, यांसाठी अर्ज आता ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर ऑनलाइन करता येतो. तपासणी मात्र रुग्णालयातच होते. शहरातल्यांसाठी पिंपरीचं वायसीएम आणि चाकण-खेडकडच्यांसाठी औंधचं जिल्हा रुग्णालय ही नेहमीची ठिकाणं. कागदावरचा पत्ता बीडचा किंवा बिहारचा असला की खेटे वाढतात, आणि प्रत्येक खेट्याला एक दिवसाचा खाडा होतो. कंत्राटी कामगाराला खाडा म्हणजे पगारकपात. वाटेत पैसे मागणारे एजंटही भेटतात. अर्ज मोफत असतो, हे प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहिलं तरी बरंच काही साधेल.

सरकारी साधनांचा गाभा म्हणजे ‘दीक्षा’. २०१७मध्ये सुरू झालेला हा मंच महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला तो पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे आणि नंतर कोरोनाच्या टाळेबंदीमुळे. २०२०च्या उन्हाळ्यात राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून रोज पाठवली. त्या काळात एवढी हालचाल झाली हेच विशेष. पण ती पाठवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ऐकू येणारं, दिसणारं आणि एका जागी बसणारं मूल होतं. ज्या मुलाला शिक्षकांचे ओठ पाहून समजतं त्याला मुखपट्टीआडचा किंवा पडद्यामागचा आवाज काय सांगणार? केंद्राने मे २०२०मध्ये ‘पीएम ई-विद्या’ जाहीर करताना अंध आणि कर्णबधिर मुलांसाठी वेगळ्या साहित्याचा उल्लेख केला होता. त्यासाठीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं जून २०२१मध्ये आली. म्हणजे शाळा बंद होऊन वर्ष उलटल्यावर.

त्यानंतर कर्णबधिर मुलांसाठी मात्र भरीव काम झालं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश २०१८मध्ये तीन हजार शब्दांचा होता, फेब्रुवारी २०२१पर्यंत तो दहा हजारांवर गेला. ऑक्टोबर २०२०मध्ये या केंद्राने एनसीईआरटीशी करार केला आणि पाठ्यपुस्तकं खुणांच्या भाषेत आणायला घेतली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने दहावीच्या पातळीवर भारतीय सांकेतिक भाषा हा विषयच ठेवला. ६ डिसेंबर २०२४ रोजी पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची दूरचित्रवाणी वाहिनी या भाषेसाठी सुरू झाली. यातली वाहिनी आपल्या पट्ट्यासाठी सर्वांत कामाची. ती टीव्हीवर चालते, तिला लॉकरमधल्या फोनची वाट पाहावी लागत नाही.

अडचण दप्तरात आहे. खुणांच्या भाषेत आलेली पुस्तकं एनसीईआरटीची आणि चाकणच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाच्या हातात बालभारतीची. गणिताचं फारसं बिघडत नाही, कारण अपूर्णांक दोन्हीकडे तेच. पण चौथीचं मराठी किंवा शिवरायांचा इतिहास खुणांत समजावून सांगणारा व्हिडिओ शोधायला गेलं तर हाती तुटक तुकडेच लागतात. बालभारतीचं मुख्यालय पुण्यात सेनापती बापट मार्गावर आहे आणि कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मुंबईत वांद्र्याला आहे. या दोघांनी एकत्र बसून पहिली ते पाचवीचं मराठी खुणांच्या भाषेत आणायला दिल्लीच्या परवानगीची वाट पाहायचं कारण नाही.

अंध मुलांच्या बाबतीत कायदा तंत्रज्ञानाच्या पुढे धावला, असं क्वचितच घडतं ते घडलं. २०१२मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाचं रूपांतर करणं कायदेशीर झालं. याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारत, ते वर्ष २०१४. ऑगस्ट २०१६मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. त्यात मराठी पुस्तकंही आहेत आणि सदस्यत्व अंधांपुरतं मर्यादित नाही. डिस्लेक्सिया असलेलं मूल किंवा हाताने पान उलटता न येणारं मूल हेही तिथे सदस्य होऊ शकतं. ही गोष्ट शाळांना सहसा ठाऊक नसते.

पुस्तक उतरवून घेतलं की वाचून दाखवायला संगणकावर ‘एनव्हीडीए’ आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरांनी २००६मध्ये सुरू केलेला हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि मराठी वाचतो. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आधीपासूनच असतो, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा एवढंच. मग घोडं अडतं कुठे? मराठी पीडीएफमध्ये. आपल्या कार्यालयांनी, प्रकाशकांनी आणि कित्येक शाळांनी वर्षानुवर्षं मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केला. कागदावर तो देखणा दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते आणि स्क्रीन रीडर तीच मोठ्याने वाचतो. शाळेने पाठवलेली सराव प्रश्नपत्रिका ऐकून एखाद्या मुलीला वाटावं की फोनच बिघडलाय. स्कॅन केलेल्या पानाची तर आणखी पंचाईत, कारण ते यंत्राच्या दृष्टीने नुसतं चित्र. यावर उपाय फुकट आहे: मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायचा आणि वर्डची मूळ फाइल पाठवायची. जुन्या छापील पानांसाठी गूगल लेन्स मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखतं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. तेव्हा हा विषय आता शाळेच्या क्लार्कच्या मर्जीवर सोडण्यासारखा राहिलेला नाही.

या सगळ्यात ब्रेलची गरज मात्र संपत नाही. ऐकून धडा कळतो, शुद्धलेखन कळत नाही. १९५१पासून भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल आहे आणि आळंदीच्या ‘जागृती’सारख्या शाळांत ती हाताने शिकवली जाते. तो भाग ऑनलाइन जाणार नाही, जाऊही नये.

आता एका मराठमोळ्या म्हणता येईल अशा साधनाकडे जरा सावकाश पाहू. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या रचनाशाळेत प्रा. रवी पूवय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जेलो’ हे ॲप तयार केलं. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा अन्य कारणाने ज्या मुलाला बोलता येत नाही, त्याने चित्रावर बोट ठेवायचं आणि फोनने त्याच्या वतीने बोलायचं. खाणं, खेळ, माणसं, ठिकाणं, रोजची कामं अशी चित्रांची दालनं आहेत. बाजूला ‘आवडतं’, ‘हो’, ‘आणखी’ आणि त्यांच्या उलट ‘आवडत नाही’, ‘नाही’, ‘कमी’ अशी सहा बटणं. खूबी या सहा बटणांत आहे. पोळीच्या चित्रावर आणि मग ‘नाही’वर बोट ठेवलं की पूर्ण वाक्य ऐकू येतं. इतके दिवस ताट भिरकावून जे सांगावं लागत होतं ते शब्दांत सांगता येतं. ॲप मोफत आहे, मराठी आणि हिंदी दोन्ही आहेत. घरी हिंदी आणि अंगणवाडीत मराठी ऐकणाऱ्या चाकणजवळच्या कुरुळीतल्या मुलाला हे दोन्ही लागतं. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ हे याच जातीचं आणखी विस्तृत ॲप आहे, पण त्याला पैसे पडतात. सुरुवात जेलोने करावी.

पालकांना एक धास्ती असते: फोनच बोलायला लागला तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडून देईल. संशोधनातून तसं दिसलेलं नाही. अशा साधनांमुळे बोलणं खुंटत नाही, काही मुलांत ते थोडं वाढतंही. खरा धोका वेगळाच आहे. त्याच फोनवर कार्टून आहे, गेम आहेत आणि जेलोचं चिन्ह त्यांच्या शेजारी आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा अजिबात नको आणि दोन ते पाच वयात दिवसाला तासाभराहून जास्त नको. बोलण्याचा फोन आणि करमणुकीचा फोन वेगळे हवेत, असं वाचा-उपचारतज्ज्ञ सांगतात. एका फोनच्या घरात ते कसं जमवायचं? घरात पडून असलेला जुना हँडसेट, सिमशिवाय, फक्त जेलो टाकून मुलाच्या गळ्यात अडकवावा. यापेक्षा स्वस्त उपाय दिसत नाही.

वाचनाच्या साहित्यात मराठी चांगलीच पुढे आहे. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीविव्हर’ २०१५पासून आहे. मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या, उतरवून घ्यायला, छापायला, बदलायलाही मोकळ्या. विशेष शिक्षक त्यातलं एक वाक्य ठेवून बाकीची काढून टाकू शकतो, चित्र मोठं करू शकतो. परवान्याची ही मोकळीक कुठल्याही झगमगीत ॲपपेक्षा मोलाची आहे. गूगलचं ‘रीड अलाँग’ मुलाला मराठीत मोठ्याने वाचायला लावतं आणि चुकलं तिथे थांबवतं. अडखळणाऱ्या मुलाला माणसापेक्षा यंत्रापुढे चुकायची लाज कमी वाटते. तोतरं किंवा अस्पष्ट बोलणाऱ्या मुलाला मात्र ते उगाचच चूक ठरवतं, त्याला ते देऊ नये.

बौद्धिक दिव्यांगत्व आणि स्वमग्नता या बाबतीत मराठीचा खजिना उथळ आहे. सिकंदराबादची बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था, दिल्लीची ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’, मुंबईची ‘उम्मीद’ यांच्याकडून पालकांना शिकण्यासारखं बरंच आहे, पण त्यातला मोठा भाग इंग्रजी-हिंदीत. ही पोकळी यूट्यूबने भरली आहे आणि तिथे भलतंच पीक आलं आहे. आहार बदला, मूल बरं होईल. स्टेम सेल टोचा, मूल बोलू लागेल. डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट केलं, तरी जाहिराती चालूच राहिल्या. ऑनलाइन थेरपी घेताना समोरच्या व्यक्तीचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा. खरा तज्ज्ञ रागावत नाही. पैसे खर्च करायचेच तर आधी राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्याचा अर्ज करावा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांना त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, थेरपीसकट.

एवढं सारं असूनही वापर तुटपुंजा का? कारण ही साधनं मुलापर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. कुणीतरी बसून ठरवावं लागतं, की या मुलाला आज जेलोतली चारच चित्रं दाखवायची, बाकीची लपवायची. हे काम विशेष शिक्षकाचं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं. मार्च २०२५मध्ये पदं मंजूर करून भरण्याचे आदेश राज्यांना पुन्हा द्यावे लागले. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर आहेत. गट साधन केंद्रातून निघून एकेकाला बऱ्याच शाळा आणि त्यातच घरी राहून शिकणारी मुलं सांभाळावी लागतात. खेड तालुक्याचा डोंगराळ भाग आणि चाकणची वाहतूक कोंडी एका दिवसात पालथी घालून हा माणूस मुलासमोर किती वेळ बसणार? इथे ऑनलाइनचा खरा उपयोग आहे: आठवड्यातून एक भेट प्रत्यक्ष आणि मधले दिवस रात्री आठ वाजता, म्हणजे पहिली पाळी करून बाबा घरी आल्यावर, दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल.

या पट्ट्यात पैशाची टंचाई नाही. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि चाकण-तळवडे-भोसरीत अशा कंपन्या रांगेने उभ्या आहेत. त्यांना टॅबलेट वाटायला फार आवडतं. टॅबलेटवर लोगो चिकटवता येतो, वाटपाचा फोटोही येतो. शिक्षकाच्या पगाराचा फोटो येत नाही. समग्र शिक्षेत एका विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला साडेतीन हजार रुपयांची तरतूद असते, त्यात बरा टॅबलेटही येत नाही, शिक्षक तर दूरच.

म्हणून दोन मागण्या. मोरवाडीच्या दिव्यांग भवनाने मराठीत एक साधी यादी ठेवावी: कोणत्या अडचणीला कोणतं साधन, ते मोफत आहे का, मराठीत चालतं का, इंटरनेटशिवाय चालतं का आणि ते शिकवायला कोण भेटेल. यादी दर सहा महिन्यांनी तपासावी आणि प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांना युनिकोडमध्ये पाठवावी. आणि औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांनी येत्या वर्षी टॅबलेटचा एक लॉट कमी घेऊन त्या पैशांत विशेष शिक्षक नेमावेत, निदान तीन वर्षांच्या करारावर. तोपर्यंत ज्यांच्या कपाटात जुना पण चालू फोन पडून आहे, त्यांनी तो जवळच्या शाळेतल्या विशेष शिक्षकाकडे नेऊन द्यावा. कुठल्या मुलाला तो लागेल, हे त्यांना माहीत असतं.